सुटीतले शिकणे आणि आपली जबाबदारी

मैत्रिणींनो,

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा विद्यापीठांच्या परीक्षा चालू असतील, काही ठिकाणी आटोपल्याही असतील. दरवर्षी या सुमारास आमच्या कार्यालयातला फोन एका ठरावीक कारणाने वाजू लागतो. समाजकार्य महाविद्यालयात शिकणारी एखादी मुलगी, क्वचित एखादा मुलगा, विचारतो, "ताई, सुटीचे दीड-दोन महिने आहेत. एखादा चांगला कोर्स सुचवाल का? सर्टिफिकेट मिळेल असा."

इतकी वर्षे मी या प्रश्नाचे उत्तर चौकशीच्या खिडकीवर बसल्यासारखे देत आले. अमुक ठिकाणी समुपदेशनाचा वर्ग आहे, तमुक ठिकाणी संशोधन पद्धतीचा, फी इतकी, अर्ज अमक्या तारखेपर्यंत. यंदा मात्र एकाच आठवड्यात असे पाच फोन आले आणि पाचव्या मुलीशी बोलून झाल्यावर मी अस्वस्थ झाले. ती म्हणाली होती, "तुमच्याकडेच येऊ का, असंही विचारायचं मनात होतं. पण मागच्या वर्षी माझी मैत्रीण एका संस्थेत गेली होती. ती म्हणाली, तिथं शिकवत काही नाहीत, नुसतं राबवून घेतात. म्हणून कोर्सच बरा वाटतो."

ती संस्था आपली नव्हती, असे म्हणून मला मोकळे होता आले असते. पण ती आपलीही असू शकली असती. म्हणून या वेळच्या संपादकीयात हा विषय घेते आहे. वरवर पाहता तो विद्यार्थ्यांचा आहे. खरे तर तो आपला, म्हणजे स्त्रियांच्या गटांचा आणि संघटनांचा आहे.

आधी या मुलींपुढे आज काय काय पर्याय आहेत ते पाहू. पहिला, विद्यापीठे आणि खाजगी संस्था चालवतात ते प्रमाणपत्र वर्ग. समुपदेशन, प्रकल्प लेखन, संगणकावर माहितीचे विश्लेषण असे त्यांचे विषय असतात. वर्ग शहरात, फी रोख. दुसरा पर्याय घरबसल्या संगणकावर शिकण्याचा. केंद्र शासनाचे 'स्वयम्' २०१७ पासून चालू आहे. त्यावरचे बहुतेक अभ्यासक्रम फुकट शिकता येतात, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तरच शुल्क पडते. गावी राहून करता येतो हा त्याचा मोठा गुण. पण घरात चांगला मोबाईल एकच असेल तर तो सुटीत भावाच्या हातात असतो की बहिणीच्या, हे तुम्हाला सांगायला नको. तिसरा पर्याय कंपन्यांचा. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक उलाढालीच्या किंवा नफ्याच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करणे बंधनकारक झाले. तेव्हापासून तिथे उन्हाळ्यात विद्यार्थी घेतले जातात, काही ठिकाणी चांगले मानधनही मिळते. चौथा पर्याय आपल्याकडचा जुनाच, शिबिरांचा. बाबा आमटे यांनी सुरू केलेली सोमनाथची श्रमसंस्कार छावणी चंद्रपूरच्या भर मे महिन्यात भरते. राष्ट्र सेवा दलाच्या शिबिरांतून तर कितीतरी कार्यकर्त्या घडल्या.

आणि पाचवा पर्याय आता पर्यायच राहिलेला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर राज्यात पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा जो नवा आराखडा आला, त्यात पहिल्या वर्षी ४ श्रेयांकांचे कार्यप्रशिक्षण ठेवले आहे. म्हणजे साधारण १२० तास. समाजकार्याच्या मुलींना क्षेत्रकार्य नवे नाही. आठवड्याचे दोन दिवस फिल्डवर्क, त्याचे जर्नल, शेवटी महिनाभराचे ब्लॉक प्लेसमेंट ही जुनी रीत आहे. पण आता इतर शाखांचे विद्यार्थीही संस्थांच्या दारात तास भरायला येऊ लागले आहेत. मागणी वाढली की देणाऱ्याचा भाव वाढतो. सही-शिक्का आपल्या हातात आहे, मुलगी अडलेली आहे, अशी स्थिती तयार होते. मालक आणि मजूर यांच्यातले हे नाते आपण बाहेर लगेच ओळखतो. आपल्या कार्यालयात ते ओळखतो का?

यांतला कोणताही पर्याय वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. समुपदेशनाचे शास्त्र शिकायलाच हवे. ते न शिकता केवळ कळवळ्याने सल्ले देणाऱ्या आपल्यात कमी नाहीत आणि त्यांनी केलेले नुकसानही थोडे नाही. पण एक स्वतःचा अनुभव सांगते.

एम.एस.डब्ल्यू.च्या पहिल्या वर्षानंतरच्या सुटीत मी असाच समुपदेशनाचा तीन आठवड्यांचा वर्ग केला. ऐकावे कसे, प्रश्न कसे विचारावेत, समोरच्या व्यक्तीवर आपले मत कसे लादू नये, सगळे नीट शिकवले. प्रमाणपत्र मिळाले. दुसऱ्या वर्षी ब्लॉक प्लेसमेंटला एका तालुक्याच्या गावी महिला सल्ला केंद्रात गेले. तिसऱ्याच दिवशी भर दुपारी एक बाई आली. कडेवर एक पोर, हाताशी एक. मी तिला खुर्चीवर बसवले आणि शिकल्याप्रमाणे विचारले, "तुम्हाला आत्ता काय वाटतंय?" ती माझ्याकडे नुसती पाहत राहिली. केंद्रातल्या कार्यकर्त्या बाई, सातवी शिकलेल्या, आतून तांब्याभर पाणी घेऊन आल्या. म्हणाल्या, "आधी पाणी पी. पोरांनी खाल्लंय का काही? तिसरं कुठाय? रेशनकार्ड, आधार आणलंस का तिकडंच राहिलं? कुठं लागलंय का? दाखव मला." पाच मिनिटांत कळले की तिसरे पोर सासरीच ठेवून घेतले आहे आणि पाठीवर वळ आहेत. दवाखान्यात आज दाखवले तरच कागदावर येतील, उद्या ते निवळतील.

संध्याकाळी मला वाटले, माझा वर्ग वाया गेला. बाई म्हणाल्या, "वाया कशानं? रात्री ती बोलेल. तेव्हा तुझं शिकलेलं काढ." आणि खरोखरच रात्री ती बोलली तेव्हा मी गप्प बसून ऐकू शकले, ते त्या वर्गामुळेच. एकटा वर्ग पुरला नसता आणि माझ्यापुरते सांगायचे तर एकटे केंद्रही पुरले नसते. पण वर्गाला फी भरणारे पुष्कळ आहेत. त्या बाईंसारखी कार्यकर्ती शेजारी बसवून शिकवायला किती जागा आहेत, हा प्रश्न आहे.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. महाविद्यालयांना सुटी लागते, तेव्हा स्त्रियांच्या आयुष्यात सुटी नसते. उलट काही प्रश्न उन्हाळ्यातच वर येतात. जून ते मार्च या काळात क्षेत्रकार्य करणाऱ्या मुलीला ते दिसतच नाहीत.

माहेरपणाचेच घ्या. मुलांच्या शाळांना सुटी लागली की बायका चार दिवस माहेरी येतात. वर्षभर सोसलेले त्या चार दिवसांत आईजवळ बोलले जाते. काही जणींना न्यायला कुणी येतच नाही. टाकलेली बाई ही पुष्कळदा मे महिन्यात माहेरी आलेली आणि जूनमध्ये तिथेच राहिलेली बाई असते. आमच्या केंद्रात जूनमध्ये नव्या तक्रारी वाढतात त्या यामुळे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली ती तात्पुरती जिथे राहते आहे तिथेही अर्ज करता येतो. क्रूरतेच्या गुन्ह्याची तक्रारही तिने आसरा घेतलेल्या ठिकाणी चालवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. तरीही 'सासरच्या ठाण्याला जा' असे सांगून तिला परत पाठवले जाते. विद्यार्थिनीने दोन आठवडे अशा बाईबरोबर पोलीस ठाणे, संरक्षण अधिकाऱ्याचे कार्यालय आणि न्यायालयाच्या चकरा मारल्या, एक कौटुंबिक घटना अहवाल कसा भरतात ते पाहिले, तर कायद्याची एक संपूर्ण प्रश्नपत्रिका ती न पाठ करता सोडवील. आणखी एक. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. आपण इतकी वर्षे ज्याला '४९८ अ' म्हणत आलो, तो गुन्हा आता कलम ८५ खाली येतो. आपल्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या तोंडात अजून जुनाच आकडा आहे. इथे विद्यार्थिनीकडून आपणच शिकावे.

दुसरे उदाहरण ऊसतोड कामगार स्त्रियांचे. दसरा-दिवाळीनंतर बीड आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतली बिऱ्हाडे कारखान्यांकडे जातात, ती गळीत हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परततात. म्हणजे या बायका आपल्या गावात, आपल्या घरात निवांत भेटण्याचा काळ उन्हाळ्याचा. उचल किती घेतली, किती फिटली, मुकादमाने खाडे किती लावले, हा हिशेब याच दिवसांत होतो. 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि पैसे नवऱ्याच्या हाती, ही गोष्ट याच दिवसांत नीट समजते. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची माहिती घेतली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली होती. हा आकडा परिषदांमधून आपण सर्वांनी ऐकला. त्यांतल्या एखादीच्या ओट्यावर बसून तिची कंबर कधीपासून दुखते, डॉक्टर काय म्हणाला, पैसे कुणाकडून घेतले, हे ऐकायचे तर मे महिन्यात जायला हवे. आणि तेव्हा आपली विद्यार्थिनी शहरात वातानुकूलित खोलीत प्रकल्प लेखन शिकत असते.

तिसरे लग्नसराई. अक्षय्य तृतीयेच्या आसपास गावोगाव मांडव पडतात आणि त्यांतल्या काही मांडवांत नवरी अल्पवयीन असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न अठरा पुरे होण्याआधी झालेले आढळले. पाचांतली एक. १०९८ ला फोन करा, एवढे पुस्तकात असते. फोन केल्यावर पुढे काय होते, मांडवातून लग्न थांबवून सगळे परतल्यावर त्या मुलीच्या घरात रात्री काय होते, पंधरा दिवसांनी दुसऱ्या गावात ते लग्न गुपचूप लागते का, हे पुस्तकात नसते. लग्न थांबवणे सोपे, त्या मुलीला जूनमध्ये पुन्हा शाळेत बसवणे अवघड. एका सुटीत दोन-तीन मुलींचा असा पाठपुरावा करणे हे मला १२० तासांचे सार्थक वाटते.

गडचिरोली-चंद्रपूरकडे याच दिवसांत मोहफुले वेचून होतात आणि तेंदूपानांचा हंगाम येतो. वनहक्क कायदा आणि पेसा यांच्या आधाराने तिथल्या अनेक ग्रामसभा तेंदूचा व्यवहार स्वतः करतात. पहाटे रानात जाणाऱ्या बायका आणि ग्रामसभेत भाव ठरवताना बोलणारे पुरुष, हा फरक डोळ्यांनी पाहायचा तर उन्हाळाच हवा. मराठवाड्यात टँकरभोवतीची रांग पाहायची तर तीही याच दिवसांत. थोडक्यात, आपल्याकडच्या उन्हाळ्याला स्वतःचा अभ्यासक्रम आहे. तो कुठल्याच माहितीपत्रकात छापलेला नसतो, कारण तो आपण छापलेला नाही.

क्षेत्रकार्याने काय होऊ शकते याची साक्ष आपल्याच राज्यात आहे. मुंबईत १९३६ साली देशातली पहिली समाजकार्याची शाळा निघाली, तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. या संस्थेने १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्त कार्यालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. प्रशिक्षित समाजकार्यकर्तीने पोलिसांच्या छपराखाली पण पोलिसांच्या नोकरीत न राहता बाईची बाजू घेऊन बसायचे, ही कल्पना तेव्हा नवीन होती. आज राज्यभर असे कक्ष आहेत. १०९८ ही मुलांसाठीची फोनसेवाही १९९६ मध्ये याच संस्थेच्या क्षेत्रप्रकल्पातून मुंबईत सुरू झाली. पुण्यात एस.एन.डी.टी. विद्यापीठाच्या प्रौढ व निरंतर शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या बायकांच्या मुलांना शिकवायला वस्तीत गेल्या. बायकांशी बोलता बोलता प्रश्न मुलांच्या शाळेवरून बायकांच्या मजुरीवर आणि मानावर आला, आणि १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. मेधा पाटकर याही समाजकार्याच्याच विद्यार्थिनी. १९८० च्या दशकात त्या नर्मदेच्या खोऱ्यात गेल्या, ते प्रमाणपत्रासाठी नव्हे. प्रत्येक विद्यार्थिनीने असे काही उभारावे अशी अपेक्षा कुणी करू नये. पण ज्या वस्तीत आपण शिकायला जातो ती वस्ती आपला विषय बदलून टाकते, एवढे या सगळ्यांत समान आहे. आणि त्या प्रत्येक ठिकाणी जाणारीला वेळ देणारे, तिला चुकू देणारे कुणीतरी होते.

आता आपल्याकडे वळू. आपण हे कुणीतरी होतो का?

आधी आमच्याच गटाचे सांगते. काही वर्षांपूर्वी दोन मुली महिनाभर आमच्याकडे होत्या. ८ मार्चचे फलक रंगवून ठेवणे, जुन्या नोंदी संगणकावर चढवणे, अहवालाच्या झेरॉक्स काढणे, पाहुण्यांना चहा. जाताना मी त्यांना विचारले, काय शिकलात? एक जण प्रामाणिकपणे म्हणाली, "ताई, मराठी टायपिंग." आम्ही हसलो, पण मला ते लागले. त्या नोंदींमध्ये दहा वर्षांच्या चारशे बायकांच्या हकिगती होत्या. त्या चढवताना रोज अर्धा तास जरी एखाद्या केसवर त्यांच्याशी बोलले असते, तर तेच काम अभ्यास झाले असते. आम्हाला वेळ नव्हता. घरकामाला किंमत नसते म्हणून आपण भांडतो आणि कार्यालयातले घरकाम मात्र सगळ्यात लहान मुलीकडे सरकवतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. मागच्या उन्हाळ्यात एक विद्यार्थिनी आमच्याकडे आली. ती स्त्रियांच्याच सक्षमीकरणाचे काम करणाऱ्या एका संस्थेत प्रशिक्षणाला होती. गावे लांब, एस.टी. दिवसातून दोन. त्यामुळे तिला संस्थेच्या समन्वयकाच्या मोटारसायकलवर मागे बसून जावे लागे. वाटेतले बोलणे, मग स्पर्श. तिने महिनाभर कुणाला सांगितले नाही. का, तर तासांच्या कागदावर त्याचीच सही लागणार होती. घरी सांगितले असते तर शिक्षणच थांबले असते. तिला ठाऊकच नव्हते की २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा प्रशिक्षणार्थी आणि स्वयंसेवक स्त्रीलाही लागू आहे, मग तिला पैसे मिळोत वा न मिळोत. २०१५ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे तिच्या महाविद्यालयाचीही जबाबदारी आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात. आम्ही तिच्या बाजूने उभ्या राहिलो. तक्रार झाली, चौकशी चालू आहे. दरम्यान महाविद्यालयाने तिला काय सांगितले? की ते तास धरता येणार नाहीत, दुसरीकडे पुन्हा पुरे करा.

आपल्यापैकी बहुतेक गटांत दहाहून कमी जणी काम करतात. अशा ठिकाणी अंतर्गत समिती नसते, तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची असते. किती गटांनी त्या समितीचा पत्ता आपल्या भिंतीवर लावला आहे? राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवीवर १९९२ मध्ये अत्याचार झाला, तो ती शासनाच्या कार्यक्रमातली 'साथिन' म्हणून बालविवाहाविरुद्ध काम करत होती म्हणून. त्यातून १९९७ चे 'विशाखा' निकालपत्र आले आणि पुढे हा कायदा. गावात जाऊन काम करणाऱ्या कार्यकर्तीच्या सुरक्षिततेतूनच जो कायदा जन्मला, तो आपल्याच विद्यार्थिनीला आपण सांगत नसू तर मग बोलायचे काय?

आणखी एक प्रश्न, सुटीत शिकायला येऊ कोण शकते याचा. वसतिगृहे सुटीत रिकामी करावी लागतात. शहरात नातेवाईक असलेली, वडिलांकडून खर्चाला पैसे मिळणारी, इंग्रजीत अर्ज लिहिणारी मुलगी चांगल्या संस्थेत जागा मिळवते. जिचे आईवडील मजुरीला जातात ती सुटीत गावी जाऊन स्वतः मजुरी करते, धाकट्या भावंडांना सांभाळते, किंवा तिला पाहायला पाहुणे येतात. समाजकार्याच्या वर्गांत आज दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त, मुस्लिम घरांतल्या मुली पूर्वीपेक्षा पुष्कळ आहेत. आपल्या चळवळीला उद्याच्या कार्यकर्त्या इथूनच मिळायच्या आहेत. पण बिनपगारी दोन महिने ही अट घातली की त्या आपोआप गळतात आणि मग आपण परिषदांमधून विचारतो, की नेतृत्वात विविधता का नाही?

पैसे नाहीत, असे तुम्ही म्हणाल, आणि ते खरे आहे. २०२० मध्ये परदेशी निधीच्या कायद्यात बदल झाले, मोठ्या संस्थांना आपल्याला मिळालेला निधी लहान गटांकडे वळता करता येईना, आणि अनेक तालुक्यांतली केंद्रे त्यात आटली. मानधन देणे सगळ्यांना जमणार नाही. पण मोर्चासाठी बाहेरगावच्या शंभर बायका येतात तेव्हा आपण भाकऱ्या घराघरांतून गोळा करतोच. दोन मुलींची महिनाभराची जेवणे आणि झोपायची जागा चार घरांत वाटून घेणे आपल्याला अशक्य नाही. आणि तिला कुणाच्या तरी घरी राहता आले तर कार्यकर्तीचे घर कसे चालते, हेही तिला दिसेल. तेही शिक्षणच आहे.

म्हणून पुढच्या उन्हाळ्यासाठी काही गोष्टी ठरवाव्यात असे सुचवते. चर्चेसाठीच आहेत, वाढवा, खोडा.

१. जमेल तेवढ्याच विद्यार्थिनी घ्याव्यात. दोन घेऊन नीट शिकवणे हे दहा घेऊन तास भरण्यापेक्षा बरे.

२. प्रत्येकीसाठी एक कार्यकर्ती नेमावी. तिने आठवड्यातून दोन तास, ठरलेल्या वारी, फक्त या मुलीसाठी ठेवावेत. ही कार्यकर्ती पदवीधर असलीच पाहिजे असे नाही. पण तिचा हा वेळ काम म्हणून धरला जावा, ज्यादाचा उपकार म्हणून नव्हे.

३. प्रवासखर्च संस्थेने द्यावा. जमल्यास मानधन. राहण्या-जेवणाची सोय आधी कळवावी.

४. पहिल्याच दिवशी लेखी सांगावे: काम कोणते, वेळ किती, तक्रार कुणाकडे. अंतर्गत किंवा स्थानिक समितीचा पत्ता त्या कागदावर असावा. तासांच्या कागदावर सही करणारी आणि तक्रार ऐकणारी व्यक्ती एकच नसावी.

५. केसची माहिती गुप्त ठेवण्याचा नियम आधी समजावावा. बायकांची नावे, फोटो विद्यार्थिनीच्या अहवालात जाऊ नयेत. त्या बाईला विचारल्याशिवाय कुणीही शिकायला म्हणून तिच्याशेजारी बसू नये. आपल्या शिकण्यासाठी तिचे दुःख वापरले जाऊ नये.

६. जाण्याआधी तिने आपल्याबद्दल लिहावे आणि ते आपण बैठकीत मोठ्याने वाचावे.

आणि विद्यार्थिनींनो, हा अंक तुमच्यापैकी काही जणी वाचता, म्हणून तुम्हालाही सांगते. कोर्स करा किंवा संस्थेत जा, पण जाण्यापूर्वी विचारा. मला शिकवणार कोण? मी रोज काय करणार? येण्याजाण्याचा खर्च कोण देणार? माझ्याआधी इथे आलेल्या एखाद्या मुलीशी बोलता येईल का? हे प्रश्न विचारणे उद्धटपणा नाही. जी संस्था या प्रश्नांनी रागावते तिथे जाऊ नका, ती कितीही नावाजलेली असली तरी. आणि कुठेच जाता आले नाही, गावीच राहावे लागले, तर वर्ष वाया गेले असे समजू नका. तुमच्या गल्लीत माहेरी आलेल्या बायका आहेत, परतलेले ऊसतोड मजूर आहेत, मांडव आहेत. वहीत रोज एक पान लिहा. जूनमध्ये ती वही घेऊन आमच्याकडे या, आपण बसून वाचू. गावी राहिलेल्या मुलीचे असे काम मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली श्रेयांकात धरावे, ही मागणी महाविद्यालयांकडे करायला आमचा गट तुमच्याबरोबर येईल.

त्या पाचव्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी उलट फोन केला. समुपदेशनाचा वर्ग जरूर कर म्हटले, तो सकाळचा आहे, दुपारी केंद्रात ये. प्रवासखर्च आम्ही देऊ, जेवायला माझ्याकडे. तिने लगेच हो म्हटले नाही. विचारले, "टायपिंग किती असेल?" मी म्हटले, असेल थोडे. पण नोंदी आपण दोघी मिळून चढवू आणि प्रत्येक नोंदीवर बोलू. ती येते आहे. काय जमले आणि काय फसले ते पावसाळी अंकात लिहीन. तोवर तुमच्या गटांनी सुटीत विद्यार्थिनींबरोबर काय केले, काय चुकले, ते जरूर कळवा. चुकलेले आधी कळवा.

आपली,
संपादक मंडळातर्फे